गाडी खेळण्यातली, प्रवाह गीझरच्या सातपट

चार पेन्सिल सेलवर घरभर फिरणारी आणि शेवटी सोफ्याखाली अडकून बसणारी रिमोटची गाडी आता मागे पडली. तिच्या जागी जी गाडी आली आहे ती ऑनलाइन मागवता येते, मैदानात ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने पळते आणि तिच्या पोटात लिथियम पॉलिमरची, म्हणजे ‘लायपो’ बॅटरी असते. सोबत आलेली बॅटरी पंधरा-वीस मिनिटांत संपते, म्हणून पालक दुसरी घेतात. ती घरी येते आणि लक्षात येतं, की बॅटरीचं तोंड गाडीच्या तोंडाशी जुळत नाही. चार्जरचं तर तिसरंच. मग कुठला कनेक्टर लावायचा, असा प्रश्न पडतो. दिसायला प्रश्न किरकोळ आहे. पण अशा गाडीत आग लागण्याच्या ज्या काही शक्यता असतात, त्यातल्या बऱ्याच या दोन इंचांत एकवटलेल्या असतात.

आकडे पाहू. घरातला २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर प्रवाह घेतो. मिक्सर साडेतीनच्या आत. एक दशांश आकाराची ब्रशलेस मोटरची गाडी मात्र वेग घेताना क्षणभर ६० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकते, कारण तिची बॅटरी अवघी ७.४ व्होल्टची असते. व्होल्ट कमी, म्हणून शॉक बसत नाही, आणि शॉक बसत नाही म्हणून धोका नाही असं आपण धरून चालतो. उष्णतेचा हिशेब वेगळा असतो. जोडावर निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोडाचा रोध एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग असेल, तर ६० अँपिअरला तिथे ३.६ वॅट उष्णता तयार होते. ती सहज निघून जाते. हाच रोध धुळीने, गंजाने किंवा सैल पडल्याने दहा मिलिओहम झाला, तर ३६ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाला डाग द्यायला वापरतो ती सोल्डरिंगची इस्तरी बहुधा २५ वॅटची असते.

रोध वाढतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. पिन आणि तिची खोबण एकमेकांना पूर्ण टेकलेल्या दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि प्रत्यक्ष स्पर्श मोजक्या उंचवट्यांवरच होतो. सगळा प्रवाह तिथून जातो. पिनेतल्या स्प्रिंगचा दाब हे उंचवटे एकमेकांवर घट्ट ठेवतो. पिन वारंवार तापली की स्प्रिंग ढिली पडते, दाब कमी होतो, रोध वाढतो आणि पिन आणखी तापते. म्हणून कनेक्टर एका दिवसात जळत नाही. गाडी चालवून झाल्यावर तो हाताला चटका देऊ लागतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग मऊ होतं. चटका बसला तेव्हाच तो बदलायला हवा असतो.

हे केवळ खेळण्यांच्या दुनियेत घडत नाही. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या महागड्या ग्राफिक्स कार्डांचे १२ व्होल्टचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. तो कनेक्टर प्रमाणित होता, ६०० वॅटसाठी बनवलेला होता. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मुख्य कारण सांगितलं गेलं. पुढे त्याची रचनाच बदलावी लागली.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. सगळ्यांत जुना टामियाचा पांढरा, कुलपी असलेला प्लग. टामियाने १९७६ मध्ये पहिली रिमोटची गाडी काढली, त्या पिढीच्या मोटरींना १०-१५ अँपिअर पुरत. आजच्या ब्रशलेस गाडीवर तो लावू नये. टी आकाराचा डीन्स प्लग प्रवाह चांगला वाहतो, पण त्याचे डाग दिलेले टोक उघडे राहतात आणि हीट श्रिंक नळी नीट बसवली नाही तर दोन तारा एकमेकींना भिडू शकतात. चिनी अमास कंपनीचे पिवळे एक्सटी-३०, एक्सटी-६०, एक्सटी-९० आज सर्वाधिक दिसतात. ड्रोनमध्ये तेच, ई-सायकलमध्येही तेच. एक्सटीच्या एका बाजूचे कोपरे छाटलेले असल्याने तो उलटा बसत नाही. माझं मत विचाराल तर एक दशांश आकाराच्या गाडीला एक्सटी-६०, त्याहून मोठ्या एक अष्टमांश गाडीला एक्सटी-९० किंवा ईसी-५, आणि घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांना एकच. अडॅप्टर हा तात्पुरता उपाय आहे; प्रत्येक अडॅप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणखी थोडा रोध.

नावातल्या ६० वर मात्र फार विसंबू नये. इतका प्रवाह क्षणभर वाहणं आणि सलग वाहणं यात फरक आहे. शिवाय लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हुबेहूब दिसणारे नकली पिवळे प्लगही मिळतात. ओळख सोपी आहे: डाग देताना नकली प्लगचं प्लास्टिक मऊ पडून पिन तिरकी होते. अस्सल नायलॉन ती उष्णता सोसतं. आणि तोंड बसलं म्हणजे धन-ऋण जुळले असं नाही. स्वस्त गाड्यांच्या छोट्या पांढऱ्या प्लगमध्ये एक विक्रेता लाल तार डावीकडे जोडतो, दुसरा उजवीकडे. लावण्याआधी रंग पाहावा, जमल्यास मल्टिमीटरने तपासावं.

मग सगळ्यांनी एकच प्लग का वापरू नये? कंपन्यांना ते नको असतं, हे अर्धं उत्तर. ट्रॅक्ससचा प्लग वेगळा, आणि त्यांच्या आयडी बॅटरीत सेलचा समतोल राखणाऱ्या तारा त्याच प्लगमध्ये असतात. होरायझनच्या आयसी कनेक्टरमध्ये माहिती वाहणारी तार. ग्राहक त्यांच्याच महाग बॅटरीला बांधला जातो, हे खरं. पण चार्जर बॅटरी स्वतः ओळखतो, त्यामुळे मुलाने चुकीची सेटिंग दाबण्याची शक्यता कमी होते, हेही खरं. दहा वर्षांच्या मुलासाठी मी हा महाग पर्याय सरळ नाकारणार नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग सरकारी दफ्तरात आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला यूएसबी-सी सक्तीचं केलं. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी विजेची स्कूटर पेटली, देशात इतरत्रही तशा घटना घडल्या, आणि त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले; हलक्या विद्युत वाहनांच्या चार्जिंग कनेक्टरचं भारतीय मानकही २०२३ मध्ये आलं. खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि विजेच्या खेळण्यांच्या आयएस १५६४४ या मानकात तापमानवाढीच्या, शॉर्टसर्किटच्या चाचण्या आहेत. पण त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालील मुलांसाठीची वस्तू. म्हणूनच बऱ्याच हॉबी गाड्यांच्या खोक्यावर ‘१४+’ असं छापलेलं असतं. गाडी प्रत्यक्षात चालवतो नऊ वर्षांचा मुलगा, भेट देणाऱ्या काकांनी खोकं नीट वाचलेलं नसतं, आणि सर्वांत जास्त प्रवाह ओढणारं खेळणं व्याख्येतून निसटतं. भारतीय मानक ब्युरोने स्कूटरच्या प्लगचा विचार केला तसा किमान या गाड्यांची बॅटरी आणि तिचा जोड विचारात घ्यायला हरकत नाही. छापलेल्या वयाऐवजी बॅटरीचे वॅट-तास ही कसोटी मला जास्त प्रामाणिक वाटते. ७.४ व्होल्ट, ५००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीत ३७ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे फोनच्या जवळपास दुप्पट.

ज्यांना प्लग बदलायचाच आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण अपघात बहुतेक इथेच होतो. जुना प्लग कापताना दोन्ही तारा एकदम कात्रीत धरू नयेत. कात्रीचं पातं दोन्ही तारांना जोडतं, ठिणगी उडते, पातं वितळतं आणि बॅटरी पेटू शकते. एक तार कापावी, डाग द्यावा, हीट श्रिंक चढवावी, मगच दुसरीला हात लावावा. बॅटरीच्या बाजूला नेहमी खोबण असलेला, झाकलेला भाग लावावा. फुगलेल्या बॅटरीवर तर कुठलाच प्लग लावू नये. लायपो जळते तेव्हा निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. बंद खोलीत, गादीवर किंवा रात्री झोपताना चार्जिंग नको ते यासाठीच. टाकाऊ बॅटरी घंटागाडीत जात नाही, ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी लागते, आणि देण्यापूर्वी तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी.