बियाण्याचा खटला आणि विद्यार्थ्यांचे वार्षिक



बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचे विद्यार्थी २००५ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ लॉ अँड टेक्नॉलॉजी’ नावाचे वार्षिक काढतात. संपादकही विद्यार्थीच. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचे काय, असे आम्हालाही वाटले होते.

बीटी कपाशीचे पेटंट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले. ८ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, खटला परत खाली धाडला. २०२१ मध्ये कंपन्यांनी आपसात मिटवले. बियाण्यातल्या जनुकावर पेटंट चालते का, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. रॉयल्टी मात्र पिशवीमागे आपल्याच खिशातून गेली.

उद्या हा वाद पुन्हा उभा राहील तेव्हा वकील हीच मुले असतील. त्यांना मालदांडी ठाऊक असायचे कारण नाही. घरचे बियाणे राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, विकणेसुद्धा २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ ने आपला हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँड लावून विकता येत नाही, एवढेच. हा हक्क तुमच्या गावात कसा चालतो, ते बैठकीत सांगा. इंग्रजीत लिहून त्या पोरांकडे धाडायचे काम आमचे.