हवेच्या पंपाला पेटी हवी

गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप आता अनेकांकडे असतो, पण डिकीत पिशव्यांच्या खाली, वायर गुंतलेली, पाइप पिळवटलेला आणि व्हॉल्व्हला लावायचे टोक हरवलेले. या पंपाला हत्यारांच्या पेटीत कायमची जागा करून दिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा असतो, तो थंड टायरचा. म्हणजे हवा तपासायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. आणि त्या घाईत जे शोधावे लागते ते राहूनच जाते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि आतून तापतो. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरच्या सिमेंटवर तासन्‌तास भरधाव जाताना हीच उष्णता टायर फोडते. उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. तिथे जरूर जावे. पण पोहोचेपर्यंत टायर तापतो, आतला दाब वाढतो आणि कमी असलेली हवा पुरेशी दिसते. स्टेपनी आहे ना, हा दुसरा आक्षेप. टायरची बाजूच फाटली तर पंप काही करू शकत नाही आणि स्टेपनीच लागते, हे खरे. पण स्टेपनीतली हवा तपासतो कोण? शिवाय 2020 मध्ये नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, दाब कळवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. अशा गाडीत पंप आणि पंक्चरच्या पट्ट्या हाच काय तो आधार.

पेटी निवडताना पंपाबरोबर त्याच्या पाइपचेही माप घ्यावे. पाइप सैल वेटोळ्यात बसला पाहिजे. बुडाशी करकचून वाकवला तर तिथेच चिरतो. जाड फोममध्ये पंपाच्या आकाराची खाच कापली की खड्ड्यांत तो आदळत नाही. शेजारी वेगळा गेज, पट्ट्या, टोचा, पक्कड, टॉर्च आणि हातमोजे. मात्र हवा भरल्यावर पंपाचे डोके चांगलेच तापलेले असते. ते निवेपर्यंत पेटी बंद करू नये. बॅटरीचा पंप असेल तर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो ठेवूच नये, लिथियमच्या बॅटरीला ती उष्णता सोसत नाही. कायम गाडीत ठेवायला वायरचाच बरा. खरे तर ही जागा मोटार कंपन्यांनीच डिकीत करून द्यायला हवी, निदान स्टेपनी न देणाऱ्यांनी तरी. तोवर ही पेटी आपणच भरावी, सामानाच्या वर ठेवावी आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी स्टेपनीसकट पाचही टायर तपासावेत.