दुधाच्या पिशवीची बाजू

मृग लागायच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीने एक ठराव केला. ‘गच्चीवर ठेवलेले भंगार सभासदांनी आठ दिवसांत हलवावे, अन्यथा ते उचलून टाकण्यात येईल.’ नोटीस जिन्यात लागली. तिच्यात नाव कोणाचेच नव्हते. पण सावेडीतल्या आमच्या त्या चार मजली इमारतीत दुधाच्या रिकाम्या पिशव्या, दह्याचे डबे आणि नारळाच्या करवंट्या गच्चीवर रांगेने मांडून ठेवणारा इसम एकच आहे, हे खालची पोरंसुद्धा सांगतील. तो इसम म्हणजे प्रस्तुत लेखक.

‘हलवावे’ या शब्दाला माझी हरकत नाही. बँकेत बावीस वर्षे काढल्यावर माणसाला हलवले जाण्याची सवय होते. हरकत आहे ती ‘भंगार’ला. मी बी.कॉम. आहे. ज्या वस्तूकडून पुढे काही उत्पन्न येण्याची आशा उरलेली नाही ती भंगार, असे आम्हाला शिकवले होते. आता ज्या पिशवीत वांग्याचे दोन पानांचे रोप उभे आहे तिला भंगार म्हणायचे, तर मग ज्या खात्यात रोज भरणा होतो त्याला बुडीत खाते म्हणायला काय हरकत आहे?

बरे, या पिशवीची किंमत शून्य आहे असे सरकारही म्हणत नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाची पिशवी बंदीतून वाचली. अट एवढीच की ती जाड असावी आणि परत दिली तर पन्नास पैसे मिळतील असे तिच्यावर छापावे. पन्नास पैशांचे नाणे आजही कायदेशीर चलन आहे, हे मी बँकेचा माणूस म्हणून सांगतो. ते घ्यायला कोणी तयार नसते, हे मी नगरचा माणूस म्हणून सांगतो. (२०२४ साली शहराचे अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त बसताना तोंडातून ‘नगर’च बाहेर पडते, त्याला इलाज नाही.) दूधवाल्याकडे मी ते पन्नास पैसे एकदा मागून पाहिले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने पिशव्या घेऊन घरी आलो. माझी शेती सुरू झाली ती अशी.

पहिल्या वर्षी सगळ्या मिरच्या बुडाल्या. बुडाल्या म्हणजे खरोखरच पाण्यात बुडाल्या. आठवडाभर मी भक्तिभावाने पाणी घालत होतो आणि रोपे मान टाकीत होती. शेवटी आमची ही वर आली, एक पिशवी उचलून खालून पाहिली आणि म्हणाली, “अहो, भोकं कोण पाडणार?” वाणिज्य शाखेत हा विषय नव्हता. तेव्हापासून पिशवी आधी साबणाने धुवायची, नाहीतर दुधाच्या वासाला मुंग्या येतात. मग दाभण तापवून तळाला चार-पाच भोके पाडायची. मग निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत. करवंटीला तेवढीही मेहनत नको. तिला देवाने तीन डोळे दिलेत, त्यातला एक सहज फुटतो. अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे मात्र नगरच्या उन्हात दुपारी बारालाच कोरडा ठणठणीत होतो. त्याच्या नादी लागू नये.

चेअरमनसाहेबांचे म्हणणे असे की, सुशिक्षित माणसाने किट आणावे. त्यांच्या मुलाने आणले आहे. साडेचारशे रुपये. त्यात काळा ट्रे, नारळाच्या भुशाच्या चकत्या आणि बियांच्या चार पुड्या. आता ट्रेशी माझे वैर नाही. राहुरीकडच्या रोपवाटिकांत अठ्ठ्याण्णव खळग्यांचे ट्रे हजारांनी लागतात आणि ते लागलेच पाहिजेत. ज्याला एकरभर टोमॅटो लावायचा त्याने दह्याचे डबे शोधत हिंडू नये. पण ज्याला एकूण बारा मिरच्या लावायच्या आहेत त्याने एक प्लास्टिक टाकून देऊन त्याच कामाला दुसरे प्लास्टिक विकत आणायचे, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो? पिशवी पुन्हा वापरली म्हणून प्लास्टिक नाहीसे होते, असा माझा दावा नाही. रोप काढले की पिशवी धुऊन भंगारवाल्याकडेच जाते. तिला भंगार केव्हा म्हणायचे, एवढाच वाद आहे.

पण हा सगळा वाद मी गिळून टाकला असता. घेवड्याचे काय करू?

आमच्या आईचे माहेर अकोले तालुक्यातले. तिकडून आणलेला एक घेवडा ती दर वर्षी लावायची आणि चार शेंगा बियाण्याला वाळवून ठेवायची. ती गेली त्यानंतर दोन वर्षांनी फडताळात औषधाच्या बाटलीत अकरा दाणे सापडले. हा घेवडा दुकानात मिळत नाही. त्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरचे असे गावठी बियाणे जमवले, जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोंभाळण्यात सोसायटीची कमिटी नव्हती, हे देशाचे नशीब.

घेवड्याचे मूळ सरळ खाली जाते आणि त्याला धक्का सोसत नाही. ट्रेच्या बोटभर खळग्यात ते मावत नाही. दुधाची पिशवी वीतभर खोल, आणि वेळ आली की ब्लेडने उभी चिरता येते. आतली मातीची हुंडी जशीच्या तशी मोठ्या कुंडीत जाते. हुंडी हा माळ्यांचाच शब्द. आमच्या बँकेतल्या हुंडीसारखीच हीही मोडतोड न होता वटली तर खरी.

अकरा दाणे अकरा पिशव्यांत लावले. नऊ उगवले. नोटिशीचे आठ दिवस संपायला चार दिवस बाकी असताना मी बँकेतून घरी आलो, तर गच्ची धुऊन स्वच्छ. सफाईवाल्याचा दोष नाही. त्याला ‘भंगार’ उचलायला सांगितले होते, त्याने उचलले. कचऱ्याची गाडी दुपारीच गेली होती. मी पाण्याच्या टाकीजवळ बराच वेळ उभा राहिलो. चेअरमनसाहेब वर आले. त्यांनाही वाईट वाटले असावे, कारण ते म्हणाले, “तुम्हाला नवीन किट आणून देऊ का?”

खाली आलो. ही काही बोलली नाही. तिने फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केले. गजांच्या आत दोन पिशव्या होत्या. मांजर घेवडा उकरते म्हणून आदल्या दिवशी तिने दोन खाली आणल्या होत्या. बाकीच्या संध्याकाळी आणणार होती.

त्या दोन वेलांना रंगाच्या डब्यात हलवून आता पंधरा दिवस झाले. शेंगा आल्या तर एकही शिजवायची नाही, असे घरात ठरले आहे.

येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: ‘ज्यात काही उगवले आहे अशी कोणतीही वस्तू, ती मुळात कशाचीही असो, भंगार समजू नये व मालकास विचारल्याशिवाय उचलू नये.’ सूचक मी स्वतः. इमारतीत अजून अनुमोदक मिळालेला नाही; म्हणून, वाचकहो, हा लेख लिहिला.