निवडणारे आणि निवडला जाणारा

मागे पावसाळ्यात फोंडाघाटास एका स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम होता. घाटावर ढग उतरलेले, बाहेर पावसाची झड, आणि माजघरात सारे कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसलेले. प्रो कबड्डीच्या खेळाडूंचा एक लिलाव दाखवीत होते. एकेका तरुणाचे नाव पुकारले जाई आणि संघांचे चालक बोली चढवीत. आजींनी जपमाळ थांबविली व म्हणाल्या, "अगो बाई! देवळात नारळांची पावणी होते ती ठाऊक आहे. ही माणसांची पावणी कुठली?"

सारे हसले, घरातील धाकटे चिरंजीव तेवढे हसले नाहीत. ते बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षास असून चढाईत तरबेज आहेत. महाविद्यालय सोडून पुण्यास जावे व निवड-चाचण्या देत राहावे, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. आजोबांचा विरोध, काकांचा पाठिंबा, आणि आई मुकाट्याने दोहोंकडे पाहणारी. "तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून तो भार आमच्यावर टाकण्यात आला.

चिरंजीवांचे डोळे दिपले यात नवल नाही. ज्या हुतूतूस वडील मंडळी पोरखेळ म्हणत, त्याचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला केले होते. 2014 साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजारांची होती. 2023 साली ती 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर गेली. कोल्हापूर जिल्ह्यातील, म्हणजे हा घाट चढून गेले की पलीकडच्या मुलखातील, सिद्धार्थ देसाई यांना 2018 साली यू मुंबा संघाने 36 लाख 40 हजारांस घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्यांच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. परंतु त्याच लिलावांत काही नावे पुकारली जातात, सभागृह स्तब्ध राहते, आणि पुढचे नाव येते. ती नावे दुसऱ्या दिवशी कोणाच्या स्मरणात राहत नाहीत.

ज्या 1936 साली आपला हुतूतू बर्लिनला गेला, त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एक निराळी रीत सुरू झाली. तेथील फुटबॉलचे धनाढ्य संघ महाविद्यालयांतील उत्तम खेळाडू उचलून नेत आणि दुबळे संघ दुबळेच राहत. तेव्हा बर्ट बेल नावाच्या एका संघमालकाने सुचविले की, सर्वांत मागे पडलेल्या संघाने पहिली निवड करावी. संघांच्या दृष्टीने ही व्यवस्था न्यायाची खरी. खेळाडूस मात्र संघ निवडता येत नाही. ज्याने नाव घेतले त्याच्याशीच बोलणी. निवडीपूर्वी या तरुणांची उंची, वजन, पंजाची लांबी मोजतात, त्यांना धावावयास लावतात, प्रश्न विचारतात. आमच्या वाचकभगिनींना हे वर्णन अनोळखी वाटू नये. उंची किती, रंग कसा, जरा चालून दाखवा, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

त्या पहिल्या निवडीत अगदी पहिले नाव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचे होते. हा गृहस्थ त्या व्यावसायिक संघांतून एकही सामना खेळला नाही. पैशाचे जमले नाही, आणि त्याने उद्योगधंद्याची वाट धरली. आमच्या मते या कथेतील महत्त्वाची गोष्ट त्याचा पहिला क्रमांक ही नव्हे. त्यास नकार देता आला, ही होय. आणि विद्यापीठाचे शिक्षण पाठीशी असल्यामुळे तो नकार त्यास परवडला. आजही तेथे शाळा सुटल्यावर तीन वर्षे लोटल्याखेरीज कोणासही या निवडीत उभे राहता येत नाही.

म्हणून आम्ही आजोबांना सांगितले की, खेळास विरोध करू नये. अंगचा गुण दाबल्याने विद्या वाढत नाही. काकांना सांगितले की, कोटींचे आकडे मुलापुढे वारंवार वाचू नयेत. एक गुडघा दुखावला की ते आकडे निरर्थक होतात. आणि चिरंजीवांना सांगितले की, पदवीस दीड वर्ष उरले आहे, तेवढे पुरे करावे. सुटीत चाचण्या द्याव्यात, मैदान एक दिवसही सोडू नये. ज्याला "नको" म्हणता येत नाही, त्याच्या "हो"ला बाजारात किंमत राहत नाही.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजोबा, पुढच्या सामन्याला तुम्ही येणार असाल तर परीक्षेचा अर्ज भरतो." आजोबांनी होकार दिला.

रात्री पाने मांडताना आजी आम्हांस हळूच म्हणाल्या, "मला पाहायला आले तेव्हा मी चौदा वर्षांची. मला कोणी विचारले नाही हो." मग त्यांनी नातीकडे पाहिले. तिला पाहण्यास पुढील आठवड्यात कणकवलीहून मंडळी यावयाची होती. आई म्हणाली, "तिला आधी विचारू." नातवासाठी आम्हांस इतके बोलावे लागले, नातीसाठी ते आजींनी एका वाक्यात केले. आपापल्या घरी हा प्रश्न कोणी कोणास विचारला आहे, याचा वाचकांनी विचार करावा.