‘दातच यायलेत’ म्हणून सोडून देण्याआधी

किनवटपासून देगलूरपर्यंत कुठल्याही घरात जा. सहा-सात महिन्यांचं बाळ किरकिर करायला लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘काही नाही, दात यायलेत.’ लाळ गळतेय? दात यायलेत. अंग तापलंय? दात यायलेत. दिवसातून सहा वेळा पातळ शी होतेय? तरीही दातच यायलेत. आजी सांगते, शेजारीण मान डोलावते आणि मेडिकलवाला काउंटरवर एखादी बाटली, ट्यूब किंवा गोळ्यांची डबी ठेवतो. डॉक्टरपर्यंत गोष्ट जातच नाही.

यातल्या दोन गोष्टी काळजी करण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे काउंटरवरची ती बाटली. दुसरी म्हणजे ‘दात यायलेत’ हे वाक्यच.

बाटलीची गोष्ट

ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली बातमी सगळ्यांनी वाचली. ‘कोल्ड्रिफ’ हे सर्दी-खोकल्याचं औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूत तयार झालेल्या एसआर-13 या बॅचच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं. औषधात ते 0.1 टक्क्याहून जास्त चालत नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याचा इशारा दिला. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही बजावलं.

हे खोकल्याचं औषध होतं, त्याचा दातांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये नायजेरियात ‘माय पिकिन’ नावाचं औषध असंच दूषित निघालं. तिथल्या बोलीत या नावाचा अर्थ ‘माझं बाळ’. ते खास दात येणाऱ्या बाळांसाठीच विकलं जात होतं. त्यातही हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. 84 बालकं गेली, आणि तीही दात येण्याच्या दुखण्यावर उतारा म्हणून पाजलेल्या औषधाने.

पातळ औषधात मूळ औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला गोड आणि स्वस्त. पण ते कारखान्यातल्या वापराचं रसायन आहे. कच्चा माल नीट न तपासता वापरला की ते बाटलीत उतरतं. पोटात गेल्यावर आधी उलट्या होतात, मग लघवी कमी होत होत बंद पडते. महाराष्ट्राला हे विष नवं नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्णांचा बळी गेला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या साखळीचं वाभाडं काढलं होतं. चाळीस वर्षं होत आली, तरी हे रसायन अजून बाटलीत सापडतंच आहे.

म्हणून प्रत्येक सिरप विष असतं असं नाही. बहुतेक औषधं ठीकच असतात. पण घरी बसून बाटलीकडे पाहून चांगलं-वाईट ओळखता येत नाही. अशा वेळी एकच शहाणपणाचा प्रश्न उरतो. ज्या दुखण्याला औषधाची गरजच नाही, त्यासाठी हा धोका का पत्करायचा?

दात येताना नेमकं काय होतं?

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. कुणाला चौथ्या महिन्यात येतो, कुणाला वर्षाला. बहुतेकदा खालचे पुढचे दोन दात आधी दिसतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे वीस दुधाचे दात येतात. दात हिरडीतून वर सरकतो तेव्हा तिथे हलकी सूज येते, शिवशिवतं, दुखतं. बाळ मिळेल ते चावतं, लाळ गाळतं, चिडचिडं होतं, रात्री उठतं.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 125 बाळांच्या पालकांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. दात वर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत किरकिर, लाळ, हिरडी चोळणं हे वाढलेलं दिसलं. अंग किंचित कोमट लागलं. पण खरा चढा ताप, जुलाब, खोकला यांचा दाताशी संबंध दिसला नाही. पुढच्या अभ्यासांतूनही चित्र असंच राहिलं.

मग जुलाब नेमके दात येतानाच का होतात? कारण त्याच वयात आणखी तीन गोष्टी घडत असतात. आईकडून गर्भात मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं सहा महिन्यांपर्यंत ओसरतात. वरचं अन्न सुरू होतं. वाटी-चमच्यातून, पाण्यातून, कधी बाटलीच्या बुचातून जंतू पोटात जातात. आणि बाळ रांगायला लागतं, खाली सापडेल ते तोंडात घालतं. हिरडी शिवशिवत असल्यामुळे जास्तच घालतं. जुलाब होतात ते या जंतूंमुळे. दात फक्त त्याच वेळी तिथे हजर असतो, आणि आपण दोष त्याच्यावर टाकून मोकळे होतो.

ही चूक फक्त आपल्याकडची नाही. 1839 साली इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच हजारांहून अधिक मृत्यूंपुढे ‘दात येणे’ हे कारण लिहिलं गेलं होतं. ती मुलं प्रत्यक्षात हगवण, न्यूमोनिया, मेंदूज्वर अशा आजारांनी गेली असणार. त्याच देशात पुढे दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याची भुकटी दिली जायची. हात-पाय गुलाबी होऊन बाळं खंगत जायची. हा पाऱ्याचा परिणाम आहे हे कळायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. 1950 च्या दशकात ती भुकटी बाजारातून गेली आणि तो आजारही जवळपास नाहीसा झाला. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून अफूची ‘बाळगोळी’ देत. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती. त्यांना तरी काय दोष द्यायचा? पण रडणं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं असं नसतं, हे त्या गोळीने शिकवलं आहे.

घरातले आणि दुकानातले उपाय

आजही हिरडीला काय काय लावलं जातं ते पाहा. टाकणखार तव्यावर फुलवून मधातून चोळतात. टाकणखार बाळाच्या पोटात जाणं घातक असतं, आणि एक वर्षाच्या आत मध देऊच नये. त्यातल्या विशिष्ट जंतूंच्या बीजांमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. लवंगेचं तेल नाजूक हिरडीला भाजतं आणि पोटात गेलं तर विषबाधा होते. खारीक किंवा ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देतात. तिचा तुकडा किंवा बी सुटून घशात अडकू शकते. गळ्यात माळ किंवा दोरा बांधला तर तो गळ्याला आवळण्याची भीती असते.

दुकानातल्या बधिर करणाऱ्या जेलचीही गोष्ट फार वेगळी नाही. बेन्झोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, असं अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2018 मध्ये सांगितलं, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता अचानक घटू शकते. लिग्नोकेनबद्दलचा इशारा त्याआधी, 2014 मध्ये दिला होता. ते जास्त गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होतो. शिवाय लाळेबरोबर जेल काही मिनिटांत वाहून जातं, म्हणून आई पुन्हा लावते आणि मात्रा वाढत जाते.

दात येण्याच्या साखरी गोळ्या तर घरोघरी असतात. त्यांनी हिरडीचं दुखणं कमी होतं असा भरवशाचा पुरावा नाही. बाळ दोन-तीन दिवसांत शांत होतं ते दात वर आल्यामुळे; श्रेय गोळीला मिळतं.

मग करायचं काय?

उपाय साधे आहेत आणि जवळजवळ फुकट आहेत.

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या आणि बोटाच्या टोकाने बाळाची हिरडी एक-दोन मिनिटं हलक्या दाबाने चोळा. दाबाने शिवशिव कमी होते.

स्वच्छ सुती फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, पिळा आणि फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या. फ्रीज नसेल तर झाकणाच्या डब्यात ते पाणी घालून डबा माठाजवळच्या गारव्याला ठेवा. बर्फ किंवा बर्फासारखी गोठलेली वस्तू देऊ नका, हिरडीला इजा होते. चावायचं खेळणं द्यायचं तर एकसंध रबराचं असावं; आत पाणी भरलेलं नको. ते रोज धुवा आणि बाळ चावत असताना जवळ बसा.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला गार, मऊ कुस्करलेलं फळ द्या. अंगावरचं दूध मागेल तेव्हा पाजा. लाळेने हनुवटीवर पुरळ येतं, म्हणून ती मऊ कापडाने टिपत राहा. आणि कडेवर घ्या, फिरवा, गाणं म्हणा. यात औषधाचं काही नाही, पण बाळाला याचाच सगळ्यात जास्त आराम पडतो.

रात्र फारच कठीण गेली तर पॅरासिटामॉल चालतं, पण डॉक्टरांनी बाळाच्या वजनावरून ठरवलेल्या मात्रेतच. इथे एक घोटाळा वारंवार होतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या 125 च्या सिरपमध्ये एका मिलिलिटरला 25 मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर मात्रा चौपट होते. बाटलीवरचा आकडा वाचा, सोबतचं मापच वापरा, घरचा चमचा नको. दुसऱ्याच्या बाळाची उरलेली बाटली तर नकोच. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.

दाताच्या नावावर टाकू नये असं

ताप 100.4 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त असेल तर तो दाताचा नाही. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पातळ जुलाब दाताचे नाहीत. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस थोडं थोडं पाजा. एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळा. अंगावरचं दूध थांबवू नका. सहा महिन्यांपुढच्या बाळाला झिंक रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळतं.

डोळे खोल गेले, टाळू बसली, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परतते, बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, श्वास जोरात चालतोय, झटका आला, शीतून रक्त पडलं. यातलं एकही दिसलं तर दात येण्याची वाट पाहू नका.

हे कळवळून सांगण्याचं कारण अंतर. नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. नांदेडच नव्हे, हिंगोली, परभणी, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणातल्या सीमेवरच्या गावांतलेही रुग्ण तिथे येतात. किनवटहून विष्णुपुरी शंभराहून अधिक किलोमीटर आहे. याच रुग्णालयात सप्टेंबर 2023 अखेरच्या 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि त्यांत 12 नवजात बाळं होती. औषधं आणि मनुष्यबळावरून गदारोळ उठला. अनेक रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत बाहेरून आले होते, असं प्रशासनाने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ती बाळं नवजात होती, दातांचा तिथे प्रश्नच नव्हता. व्यवस्थेची जबाबदारीही त्यामुळे कमी होत नाही. पण मोठ्या रुग्णालयावर आधीच किती भार आहे आणि तिथे उशिरा पोहोचणं किती महागात पडतं, हे त्या दिवसांनी दाखवलं. जुलाबाचं बाळ दोन दिवस घरात ‘दात यायलेत’ म्हणून राहिलं, तर ते दोन दिवस रस्त्यात भरून काढता येत नाहीत.

आणि हे सगळं एकट्या आईवर टाकूनही चालणार नाही. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी भेट देतात. केंद्राच्या कार्यक्रमात तशी तरतूद आहे. नेमके हेच दात येण्याचे महिने. त्या भेटीत वजन, लस, आहार यांच्याबरोबर एक वाक्य आजीच्या समोर सांगितलं गेलं पाहिजे: दातामुळे जुलाब होत नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने पातळ औषधांच्या कच्च्या मालाची तपासणी मुलं दगावल्यानंतर नव्हे, आधी करावी. आणि मेडिकलवाल्याने बाटली पुढे सरकवण्याआधी ‘जुलाब-ताप आहे का?’ एवढं विचारावं.

हिरडीचं दुखणं चार-आठ दिवसांचं असतं. त्याला बोट, गार फडकं आणि कड पुरते. त्याहून जास्त काही लागत असेल, तर बाळाला दात येण्यापलीकडे काहीतरी होतंय असं समजा आणि दवाखान्यात दाखवा.