दोन तासांत पॉम्पेई, खिशात एक प्रश्न

दोस्तांनो, शाळेच्या सहलीत एखादा जुना किल्ला तुम्ही पाहिला असेलच. तिथला वाटाड्या काय काय सांगतो! ‘ही राणीची न्हाणी’, ‘इथं खजिना पुरलेला होता’, ‘या भुयारातून थेट पलीकडच्या गावात निघता येतं’. भुयार नाही असा किल्ला अजून कुठल्या वाटाड्यानं दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही! मग मागून एखादं चिमखडं पोर विचारतं, ‘कशावरून?’ सगळे खो-खो हसतात. सर डोळे वटारतात. प्रश्न तिथंच विरून जातो.

मला विचाराल, तर त्या पोराला सगळ्यांच्या पुढं उभं करायला हवं. आज आपण त्यालाच बरोबर घेऊन निघणार आहोत. कुठं? इटलीतल्या पॉम्पेई नावाच्या शहरात. पाण्याची बाटली घ्या, डोक्यावर टोपी घाला आणि पायांत घट्ट बूट. तिथले रस्ते ओबडधोबड दगडांचे आहेत, चपला घातल्यात तर रडाल! आपल्याला वाट दाखवायला एक इटालियन ताई आहे असं समजू. आणि खिशात तो एक प्रश्न, ‘कशावरून?’

नेपल्स शहरातून लोकल गाडी पकडली, की पाऊण तासाच्या आत आपण पॉम्पेईच्या दारात. मागं व्हेसुव्हियस पर्वत उभा आहे, अगदी शांत. पण इ.स. ७९ मध्ये हाच डोंगर फुटला. आधी कितीतरी तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला. छपरं कोसळली. मग तापलेली राख आणि वायू यांचे लोट डोंगरावरून धावत आले आणि शहर गाडलं गेलं. १७४८ साली तिथं खोदायला सुरुवात झाली. शहराचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर, आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा आजही जमिनीखालीच आहे, बरं का! आपल्या हाती मात्र दोनच तास. सगळं पाहून होणार नाही. म्हणून थोडंच पाहू, पण नीट पाहू.

पहिल्यांदा पायाखाली बघा. रस्त्यातल्या दगडांत दोन समांतर चर पडलेत, दिसले? गाड्यांच्या चाकांनी दगड झिजून ते झालेत. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे, चाकोरी. ‘जरा चाकोरीबाहेरचा विचार करा’ असं मराठीच्या बाई सांगतात ना, ती ही चाकोरी! रस्त्याच्या मधोमध मोठमोठे उंच दगडही बसवलेत. ताई म्हणते, ‘रस्त्यावरून पावसाचं नि सांडपाणी वाहायचं. लोक या दगडांवर पाय ठेवून पलीकडे जात, आणि गाड्यांची चाकं मधल्या फटींतून.’

आपलं पोर विचारतं, ‘कशावरून?’

ताई हसते. ‘चाकोऱ्या कुठून गेल्यात, तूच बघ.’ आणि खरंच की! चाकोऱ्या बरोबर त्या फटींतूनच गेल्या आहेत. इथं साक्ष द्यायला दगडच हजर आहेत.

थोडं पुढं जाऊ. हे बघा खाण्याचं दुकान. आजची आपली पोळीभाजीची टपरी म्हणा ना! दगडी ओटा, आणि त्यात गळ्यापर्यंत बसवलेले मातीचे रांजण. अशी सुमारे ८० दुकानं या शहरात सापडली आहेत. आपण पाहतोय ते २०२० साली पूर्णपणे उघडलं गेलं. ओट्याच्या दर्शनी भागावर रंगीत चित्रं आहेत, त्यात बदकं टांगलेली दिसतात. ताई सांगते, ‘इथं बदकाचं मटण मिळायचं.’ कशावरून? नुसत्या चित्रावरून म्हणाल तर पुरेसं नाही. चित्र काय, कुणी शोभेसाठीही काढेल. पण एका रांजणाच्या तळाशी बदकाच्या हाडाचा तुकडा मिळाला! शिवाय डुक्कर, बकरी, मासे, गोगलगायी यांचे अवशेषही मिळाले. चित्र आणि हाड, दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की आपला विश्वास वाढतो.

आता जरा अवघड प्रश्न. हा स्फोट झाला कोणत्या दिवशी?

त्या वेळी खाडीच्या पलीकडे एक सतरा वर्षांचा मुलगा राहत होता. आपल्यातल्या कुणाच्या दादाएवढा. त्याचं नाव प्लिनी. त्याचे मामा आरमाराचे अधिकारी होते. ते लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेले आणि परत आले नाहीत. पुढं बऱ्याच वर्षांनी प्लिनीनं टॅसिटस या इतिहासकाराला पत्रं लिहून सगळी हकिगत कळवली. त्या पत्राच्या ज्या नकला आपल्यापर्यंत पोचल्या, त्यांवरून २४ ऑगस्ट ही तारीख पक्की समजली गेली. पुस्तकांत छापली गेली, शाळांत शिकवली गेली.

पण नकला हातानं केलेल्या. शतकानुशतकं. तुम्ही मित्राच्या वहीवरून गृहपाठ उतरवता, तेव्हा चुका होतात की नाही? तशीच शंका इथंही होती. २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख आपल्या हिशेबानं १७ ऑक्टोबरची. म्हणजे ऑगस्टमध्ये शहर गाडलं गेलं असेल, तर ऑक्टोबरात भिंतीवर कुणी लिहिलं?

थांबा, थांबा! आपलं पोर पुन्हा हात वर करतंय. ‘ते त्याच वर्षीचं कशावरून?’ शाब्बास! त्या ओळीत साल नाही. संशोधक म्हणतात, कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, आणि त्या घरात तेव्हा दुरुस्तीचं काम चालू होतं, म्हणून ते त्याच वर्षीचं असावं. बऱ्याच जणांना हे पटलंय, काहींना नाही. वाद अजून मिटलेला नाही. ‘असावं’ आणि ‘आहे’ यांत किती अंतर असतं, ते इथं कळतं.

आता जरा हळू बोला. ताईनंही आवाज खाली आणलाय. समोर काचेआड माणसं दिसतात. म्हणजे माणसांचे ठसे. राखेत गाडल्या गेलेल्यांची शरीरं काळाच्या ओघात नाहीशी झाली, पण भोवतालची राख घट्ट झाल्यामुळे त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ साली ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत पातळ प्लॅस्टर ओतायला सुरुवात केली. प्लॅस्टर सुकल्यावर भोवतीची राख काढली, तर कुणी तोंडावर हात धरलेलं, कुणी कुशीवर वळलेलं. साखळीला बांधलेला एक कुत्रासुद्धा आहे. त्याच्याकडे मात्र फार वेळ बघवत नाही.

यांतलाच एक ठसा प्रसिद्ध आहे. मोठं माणूस, त्याच्या अंगाशी लहान मूल, आणि त्या माणसाच्या दंडात सोन्याचं जाड कडं. पाहणारे म्हणाले, कडं आहे म्हणजे बाई, मूल आहे म्हणजे आई. जवळच सापडलेली आणखी दोन माणसं मिळून झालं कुटुंब! कितीतरी वर्षं हीच गोष्ट सांगितली गेली आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत राहिले.

मग कुणीतरी विचारलं, ‘कशावरून?’

प्लॅस्टरमध्ये हाडांचे तुकडे अडकून राहिले होते. त्यांतून डीएनए काढून तपासला गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडं घातलेलं माणूस बाई नव्हतंच, पुरुष होता! आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ‘हात्तिच्या! एवढी छान गोष्ट बिघडवली.’ मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण जरा विचार करा. तो माणूस उठून सांगू शकत नाही, की ‘अहो, मी तो नव्हे!’ त्याच्या वतीनं बोलणारे आपणच. आपण मनाला येईल ते सांगितलं, तर शहराबरोबर तो गाडला गेला त्याहून जास्त आपण त्याला गाडतो. आणि आता उभा राहिलेला प्रश्न तर आणखीच मोठा आहे. तो कोण होता? शेजारी? नोकर? वाटेत भेटलेला कुणी? जीव मुठीत धरून पळायच्या वेळी, जे मूल आपलं नाही ते त्याच्याजवळ कसं? उत्तर आपल्याकडे नाही. पण आता निदान प्रश्न तरी खरा आहे.

मन जड झालं ना? चला, एका घराच्या अंगणात जाऊ. २०२४ साली इथल्या भिंतीवर कोळशानं काढलेली चित्रं उजेडात आली. झुंजणारे योद्धे, जनावरं, आणि लहान हात भिंतीवर टेकवून भोवतीनं ओढलेली रेघ! मुलांनीच काढलीत. कशावरून? भिंतीवर ती इतकी खाली आहेत, की मोठ्या माणसाला वाकावं लागेल. शिवाय माणसं कशी, तर डोक्यालाच हातपाय फुटल्यासारखी. घरातल्या धाकट्या भावंडाची चित्रवही उघडून बघा, म्हणजे पटेल!

दोन तास संपत आले. जाता जाता नेपल्सच्या संग्रहालयात एका पाहुणीला भेटू. साधारण वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती, दागिन्यांनी नटलेली, भारतीय. १९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात ती सापडली. लोकांनी तिला लक्ष्मी म्हटलं. पुढं ‘कशावरून?’ झालंच, आणि आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती आपल्या महाराष्ट्रात सापडल्या आहेत, धाराशिव जिल्ह्यात तेर इथं आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला! तेर म्हणजे जुनं तगर. तिथला आणि पैठणचा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाई, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय. म्हणजे आपल्या मातीतही अशा चाकोऱ्या उमटत होत्या.

तेव्हा पुढच्या सहलीत तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सगळं पाहायची घाई नको. दोन, वाटाड्याला मानानं, नीट विचारा, ‘काका, हे कशावरून कळलं?’ त्यांची फजिती करायला नाही, जाणून घ्यायला. चांगला वाटाडा खूश होतो आणि ठाऊक नसेल तर तसं सांगतो. तीन, भिंतीवर आपलं नाव कोरू नका. पुरावा एकदा खरवडला, की पुढच्या पोरानं ‘कशावरून?’ विचारल्यावर दाखवायला काहीच उरत नाही.

आणि हो, गृहपाठ! आपल्या गावाबद्दल सांगितली जाणारी एक गोष्ट निवडा. तिच्याखाली लिहा, ‘कशावरून?’ जे उत्तर सापडेल ते आम्हाला कळवा. नाही सापडलं, तर तेही कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर बुटांची धूळ झटका!