गेटवर नाव लागले, पेटंटवर कधी लागणार?

दौलताबादचा किल्ला पाहायला येणाऱ्या माणसाला गाईड चाँद मिनार दाखवतो, मेंढा तोफ दाखवतो, अंधारीतून हात धरून नेतो. १९३४ साली याच किल्ल्याच्या दाराशी पाण्याच्या हौदावर काय घडले, ते मात्र तो सांगत नाही. वेरूळला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी वाटेत इथे थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासात धूळ बसली होती, म्हणून त्यांनी हौदावर हातपाय धुतले. लगेच हौद बाटल्याची ओरड झाली, शिवीगाळ झाली, जमाव जमला. शेवटी बरोबर शिपाई देऊन, आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, त्यांना किल्ला पाहू दिला. कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. मिळवलेल्या माणसाची ही अवस्था! 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

ज्या मुलखात पाण्याला शिवू दिले नाही, त्याच मुलखात सोळा वर्षांनी, १९५० साली, बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तेव्हा मराठवाड्याच्या मुलाला विद्यापीठ पाहायचे तर हैदराबाद गाठावे लागे. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाले. त्या विद्यापीठाच्या गेटवर बाबासाहेबांचे नाव लागावे म्हणून विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. लाँग मार्च निघाला, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे शहीद झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हा इतिहास आमच्या वाचकाला पाठ आहे, त्यामुळे तो इथे उगाळत बसत नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. गेटवर नाव लागले, पण गेटच्या आत जे संशोधन होते त्यावर कोणाचे नाव लागते आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो?

हा प्रश्न आजच विचारायचे कारण आहे. शेंद्रा-बिडकीनला सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते शेंद्र्याच्या टप्प्याचे लोकार्पण झाले. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारबरोबर सुमारे वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. पाठोपाठ एथर आली, जे.एस.डब्ल्यू. आली, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या घोषणांनी वर्तमानपत्रे भरून गेली. जमीन आमची, पाणी जायकवाडीचे, रस्ता समृद्धीचा. छान! पण जमीन, पाणी आणि रस्ता यांच्या जोरावर आलेला कारखाना या तीन गोष्टी दुसरीकडे स्वस्त मिळाल्या की तिकडे जातो. चितेगावच्या कामगाराला विचारा. ज्या व्हिडिओकॉनच्या नावावर पैठण रोड ओळखला जायचा, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली गेली. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली आला, त्याने हजारो घरांत चूल पेटवली, हे आपण कधीच नाकारणार नाही. पण त्या गाडीचे डिझाईन पुण्यात आकुर्डीला आणि तिची जोडणी वाळूजला, ही वाटणी आपल्या लक्षात कधी आली नाही. डोके तिकडे आणि हात इकडे! चातुर्वर्ण्याची ओळख असलेल्या माणसाला ही वाटणी नवी वाटू नये. पुढे सुटे भाग बनवणाऱ्या काही कंपन्यांनी वाळूजमध्ये स्वतःची संशोधन केंद्रे काढली हेही खरे, पण त्यात आपल्या विद्यापीठाचा वाटा किती, हे विचारायला हवे.

संशोधनातून उद्योग उभा राहतो का? राहतो. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही, जालन्याला जा. इथून तासाभराचा रस्ता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने भेंडीचा 'पुसा सावनी' हा वाण काढला होता. तो सरकारी पैशातून, सरकारी शास्त्रज्ञांनी काढलेला वाण. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी त्याचे बी शेतात वाढवायला घेतले आणि १९६४ साली महिको उभी केली. आज जालना म्हणजे बियाण्यांचे गाव. एक कंपनी आली, तिच्यात शिकलेली माणसे बाहेर पडली, त्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या, बीजोत्पादन करणारे शेतकरी तयार झाले, प्रयोगशाळा आल्या. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु या कहाणीतली एक गोष्ट नीट पाहा. बी सरकारचे, म्हणजे तुमच्या-माझ्या कराचे. ते वाढवायला जमीन आणि भांडवल ज्यांच्याकडे होते, उद्योग त्यांचा झाला. त्याच जालन्याच्या शेतांत परागीकरणाची कामे ज्या बाया रोजंदारीवर करत आल्या, त्यांची जात आणि जमीन मी वेगळी सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी मांडले होते की शेतीवर रिकामे बसलेले हात उद्योगाकडे वळले पाहिजेत, नुसते तुकडे जोडून शेतकरी सुधारणार नाही. म्हणजे उद्योगाला आपला विरोध कधीच नव्हता. आपला प्रश्न उद्योगात आपण कोणत्या दाराने शिरतो हा आहे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात दौलताबाद भागातला एक तरुण माझ्या ऑफिसात आला. आई हंगामात किल्ल्याच्या रस्त्यावर पेरू आणि सीताफळे विकते. पोरगा रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो. सीताफळाचा गर हवेत उघडा राहिला की काही तासांत काळवंडतो, त्यामुळे उरलेली फळे आई संध्याकाळी मातीमोल विकते किंवा फेकते. याने त्यावर उपाय शोधला होता. स्वस्तातले द्रावण, घरच्या भांड्यात करता येईल असे. एक प्रक्रिया कंपनी त्याला फोन करून पद्धत विचारत होती आणि त्याने भाबडेपणाने निम्मी सांगूनही टाकली होती. "सर, पेटंट करायचं आहे," तो म्हणाला. मी विचारले, पेपर छापलास का? हो, म्हणाला, चौदा महिने झाले. मार्गदर्शकांनीच घाई केली होती. त्यांच्या पॉइंटसाठी पेपर हवा होता.

मी त्याला काय सांगणार? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात शोध नवा असला पाहिजे, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी तो जगात कुठेही प्रसिद्ध झालेला नसावा. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत आहे. आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. कलम ३१ ची बारा महिन्यांची सूट शासनाने अधिसूचित केलेले प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रकारांना आहे. त्याचा पेपर सरळ नियतकालिकात छापलेला. त्या पोराचा शोध आता सर्वांचा झाला होता. म्हणजे ज्याच्याकडे मशीन आहे त्याचा! चहा न पिताच तो उठला.

ही एका पोराची गोष्ट नाही. आपल्या पोरांना संशोधन कसे करायचे हे शिकवले जाते, ते राखायचे कसे हे कोणी शिकवत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या दुकान आहे त्यांना ते शिकवावे लागत नाही. म्हणून दोन-चार गोष्टी इथेच लिहून ठेवतो, कापून ठेवा. प्रबंध सादर करण्याआधी, पेपर पाठवण्याआधी, परिषदेत पोस्टर लावण्याआधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करता येतो. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर त्याची फी १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला तीच ८००० पडते. सप्टेंबर २०२१ च्या दुरुस्तीने शैक्षणिक संस्थांनाही हीच सवलत मिळाली, तेव्हा 'विद्यापीठाकडे पैसे नाहीत' ही सबब चालणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पेटंट विद्यापीठाच्या मालकीचे असले तरी कलम २८ खाली खऱ्या संशोधकाला आपले नाव त्यावर नोंदवून घेण्याचा हक्क आहे. मार्गदर्शकाने केवळ सही केली म्हणून तो संशोधक होत नाही. आता हे कोर्टात सिद्ध करायचे तर प्रयोगवही लागते. तारीख घालून, शाईने लिहिलेली. वही घरी ठेवू नका असे कोणी म्हणाले तर तिची प्रत काढून ठेवा.

पण नुसता कायदा माहीत असून भागत नाही, आधी पोट भरले पाहिजे. पीएच.डी. म्हणजे पाच वर्षे. आपल्या पोराला ती पाच वर्षे फेलोशिपवरच काढावी लागतात. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी राजीव गांधी फेलोशिप २००५-०६ मध्ये सुरू झाली, बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची फेलोशिप आली, आणि या विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत पहिल्या पिढीची मुले-मुली दिसू लागली. हे मोठे स्थित्यंतर आहे. आणि त्याच मुलांना २०२३ साली आझाद मैदानात फेलोशिपसाठी दिवसचे दिवस बसावे लागले. ज्या महिन्यात प्रयोग करायचा त्या महिन्यात पोरगा मुंबईत मांडवात झोपलेला! रसायन संपले, मशीनची वेळ गेली, पुन्हा सहा महिने मागे. गुंतवणूकदारांच्या परिषदांत 'कुशल मनुष्यबळ' म्हणून भाषणे करणारे मंत्री या मांडवाकडे फिरकतात का?

देशाचीही गत फार वेगळी नाही. आपण राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. २०२३ साली केंद्राने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला, पाच वर्षांत ५० हजार कोटी म्हणाले, त्यांतले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे! कंपन्या पैसा देतील तो कोणाला देतील? आय.आय.टी.ला देतील. ज्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरचा माणूस सकाळी इथे, दुपारी तिथे धावतो, तिकडे कशाला वळतील? मराठवाड्याच्या अनुशेषावर देखरेख ठेवणारे वैधानिक विकास मंडळ १९९४ साली घटनेच्या कलम ३७१(२) खाली आले, त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

विद्यापीठात काहीच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. डी.एन.ए. बारकोडिंगचे पॉल हेबर्ट केंद्र आहे. अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. शहरातल्या उद्योजकांनी 'मॅजिक' ही संस्था काढली. जालन्याला २०१८ मध्ये मुंबईच्या आय.सी.टी.चा परिसर मंजूर होऊन सुरू झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी २०१८ मध्ये दिली. रक्ताची कमतरता असलेल्या आमच्या बायाबापड्यांच्या भाकरीसाठी याहून जवळचे संशोधन कोणते? तरीही आपल्या वस्तीतला एखादा पोरगा इन्क्युबेशन सेंटरची पायरी चढलेला मी अजून पाहिलेला नाही. दार बंद नसेल, पण दार कुठे आहे हे सांगणारा कोणी नाही. केंद्राने ३० सप्टेंबर २०२० रोजी अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन जाहीर केले होते. चार वर्षांत हजार तरुण, प्रत्येकी तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवल. आपल्या किती कार्यकर्त्यांनी ते नाव ऐकले होते? मीही उशिरा ऐकले, कबूल करतो. आपण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवतो, योजनेच्या शेवटच्या तारखेचा ठेवत नाही.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा गुलामीत जन्मलेला माणूस १८९६ साली टस्कीगी या काळ्यांच्या संस्थेत गेला. कापसाने नापीक झालेल्या जमिनीवर भुईमूग, रताळी कशी घ्यायची, हे त्याने शोधले आणि १९०६ पासून प्रयोगशाळा गाडीवर घालून गरीब शेतकऱ्याच्या बांधावर नेली. पेटंटे त्याने तीनच घेतली. तो संत होता, त्याला पैसा नको होता. पण आपल्या पोरांनी संत व्हावे असा आग्रह कोणी धरू नये. त्यांच्या आयांनी रस्त्यावर फळे विकली आहेत.

मागण्या साध्या आहेत. ऑरिकमध्ये जमीन घेणाऱ्या मोठ्या कंपनीने विद्यापीठात आणि मिलिंदसारख्या महाविद्यालयांत संशोधनाची अध्यासने चालवावीत आणि त्या कराराची प्रत जनतेला पाहायला मिळावी. केंद्राच्या २०१९ च्या नवसंशोधन व स्टार्टअप धोरणानुसार शोधाची मालकी आणि उत्पन्न यांचे नियम संस्थेने ठरवणे अपेक्षित आहे, ते मराठीत छापून प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या हातात प्रवेशाच्या दिवशीच द्यावेत. फेलोशिप दर महिन्याला मिळावी. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचे बंधन आहे, पण ते केंद्रीय खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना आहे, टोयोटाला नाही. सवलतीची जमीन देताना करारातच अशी अट घालायला सरकारला कोणी अडवले आहे?

तोवर आपण हातावर हात ठेवून बसणार नाही. विद्यापीठ परिसरातल्या आमच्या काही वकील मित्रांनी महिन्याच्या शेवटच्या रविवारी संशोधक विद्यार्थ्यांसाठी बसायचे ठरवले आहे. फी नाही. येताना प्रयोगवही आणा आणि पेपर पाठवला असेल तर त्याची तारीख आणा. अजून पाठवला नसेल, तर आमच्याकडे येईपर्यंत पाठवू नका.